आखराकडची खिडकी

चिंचपुऱ्यातल्या बायांनी पोळा कधी पाहिला नव्हता. त्यांनी तो फक्त ऐकला होता.

चिंचपुरा, नुसता पुरा म्हटलं तरी चालायचं, म्हणजे अमरावतीच्या परकोटाबाहेरची कुणब्या-माळ्यांची वस्ती. तिच्या मधोमध आखर, म्हणजे चरायला निघण्याआधी सकाळी गुरं जमतात ती मोकळी जागा. पोळ्याच्या दिवशी आखराच्या तोंडाशी दोन बल्ल्या रोवायच्या, त्यांना आंब्याच्या पानांचं तोरण बांधायचं आणि सजवलेल्या जोड्या तोरणाखाली आणून उभ्या करायच्या. मग झडत्या सुरू. एकानं यमक जुळवून दुसऱ्याला डिवचायचं, दुसऱ्यानं तिथल्या तिथं यमकातच परतफेड करायची, आणि साऱ्यांनी मिळून ‘हर बोला, हर हर महादेव!’ म्हणत आभाळ हलवायचं. ज्याला उत्तर सुचलं नाही त्याची जोडी मागे, ज्याचं उत्तर बसलं त्याची जोडी पहिली. आणि चिंचपुऱ्याचा एक कायदा होता. तोरणाखाली तोंडातून गेलेला शब्द परत घेता येत नाही. रागात गेला, थट्टेत गेला, यमकाच्या भरात गेला, तरी गेला तो गेलाच.

हा सगळा बाप्यांचा कारभार. बाया त्या वेळी आपापल्या दारात आरतीचं ताट घेऊन उभ्या. पोळा फुटला की बैल उधळत घराकडे येणार. दारात ताट तयार नसलं, तर त्या घरच्या बाईला पुढल्या पोळ्यापर्यंत बोलणी खावी लागत. म्हणून दार सोडायची सोय नव्हती.

जमुनेचं घर आखराला भिंत लावून होतं. ढोल वाजला की तिच्या फळीवरची भांडी थरथरायची. कोण काय बोललं, कोण अडखळलं, कोणाचा आवाज फाटला, सगळं कानावर यायचं. दिसायची ती फक्त भिंतीवरून उठणारी धूळ. घरच्या हौशा-गुलब्याची शिंगं ती स्वतः रंगवायची, झुलीवर एकेक कवडी तिच्या हातची. पण त्या झुली चारचौघा बैलांत, उन्हात, कशा झळकतात ते तिला ठाऊक नव्हतं. लग्न होऊन आली तेव्हापासून ती धूळच पाहत आली होती.

यंदा मात्र गोष्ट वेगळी होती. यंदा माडी होणार होती.

कुठंतरी सातासमुद्रापार लढाई जुंपली होती म्हणे. तिकडचा कापूस बंद पडला आणि इकडच्या पराटीला जणू सोन्याचं बोंड लागलं. सारं वऱ्हाड हवेत होतं. कोणी बैलांच्या शिंगांच्या टोकांना चांदीच्या शेंब्या केल्या, कोणी बसायच्या दमणीला मखमलीची गादी लावली. जमुनेच्या नवऱ्यानं, जानरावानं, माडी काढली. जागा जमुनेचीच होती. आखराच्या अंगाला तिच्या बापाचं जुनं खळं होतं, ते त्यानं लेकीला आंदणात दिलं होतं. त्या जागेवर कमरेइतकं जोतं उभं राहिलं, काळ्या दगडाचं, कोपरे धरून.

जमुनेनं एकच मागणं मागितलं होतं.

“माडीले एक खिडकी पायजे. आखराकडं. मोठी.”

“अन् त्या खिडकीत बसून काय करशीन?”

“पोळा पाहीन. आरतीचं ताट जवळच ठेवीन. बैल घराकडे वळले की जिना उतरीन.”

जानराव हसला, पण एलिचपूरच्या सुताराला सांगून त्यानं सागवानी चौकट करवून आणली. वर वेलबुट्टी, दोन्ही अंगांना राघू. भिंती वर येईपर्यंत ती गोठ्यात गोणपाटात गुंडाळून ठेवली होती. जमुना रोज गोणपाट उघडायची, जवसाच्या तेलाचा बोळा राघूंच्या पंखांवरून फिरवायची आणि पुन्हा झाकून ठेवायची. गुलब्या मान वळवून पाहत राहायचा.

अशात जानराव अकोल्याहून परत आला. गाडी थांबायच्या आधीच त्यानं उडी टाकली.

“जमुने! अवं जमुने! अकोल्यात तारघर झालं!”

“पाणी तं प्या आधी.”

“पाणी राहू दे! मी माह्या डोयानं पाहिलं. मुंबईत भाव फुटते अन् तव्यावरची भाकर उतरत नाही तं अकोल्यात कळते. अन् आपल्याले? दलाल जुना शिळा भाव सांगते, आपण मुंडी हलवतो. आता आयक. तारेचा साहेब अमरावतीत येऊन राहिला. तारघराले जागा पाहून राहिला. मंडीच्या मागं बांधलं तं ते दलालाच्या मांडीवर बसलं समज. अन् आपल्या पुऱ्यात बांधलं तं?”

“तं काय?”

“तं भाव आधी आपल्या कानात!”

भिंतीपलीकडून गोदाबाईचं डोकं वर आलं. गोदाबाई माळीण, शेजारची. झेंडू-शेवंतीचा मळा तिचा, आणि जीभही मळ्यातल्या मोटेसारखी, एकदा सुरू झाली की थांबत नसे.

“काय रे जानराव, तुही तार फुलाचा भाव सांगते काय?”

“सांगन ना मावशी! दसऱ्याले मुंबईले इचारून झेंडू विकू.”

“मंग आण बापा. इथंच आण. माह्या मळ्याच्या धुऱ्यावर आण.”

हसण्यावारी नेलेली गोष्ट दोन दिवसांत साऱ्या पुऱ्यात पेटली. पिंपळाखाली, विहिरीवर, न्हाव्यापुढं, जिथं तिथं तारघर. रामराव आणि जानराव यांचं कधी पटत नसे, बांधाला बांध लागून शेत असलं की जसं असतं तसं. पण तो रामरावसुद्धा म्हणाला, “एवढं काम केलं तं जानराव माणूस हाये म्हणाचं.” गोदाबाईच्या मळ्यातली टोपलीभर फुलं घेऊन सारे साहेबाकडे गेले. जानराव पुढं होऊन बोलला आणि साहेब म्हणाला, येतो.

आणि आलाही. घोड्यावर बसून आला. बरोबर दुभाषी भगवंतराव, पुण्याकडचे, पागोटं कसं अगदी पाटावर ठेवून बांधल्यासारखं. साहेबानं पुरा पायाखाली घातला, गल्ल्या पाहिल्या, विहीर पाहिली, आणि आखरात येऊन थांबला. उंच जागा, मोकळी, पाणी न साचणारी, कोणाच्या मालकीची नाही. त्यानं काठी रोवली. दुसऱ्या दिवशी माणसं आली, त्यांनी आखराच्या मधोमध खुंट्या ठोकल्या आणि फक्कीच्या पांढऱ्या रेघा ओढल्या.

पुरा त्या रेघांकडे पाहत उभा राहिला. सकाळी गुरं जमली तीसुद्धा रेघा हुंगून बाजूला झाली.

“आणलं तारघर. बेस केलं,” रामराव म्हणाला. “आता पोळा काय तुह्या टाळक्यावर भरवाचा?”

जानराव धावत साहेबाच्या तंबूवर गेला. भगवंतरावांनी ऐकून घेतलं, साहेबाला सांगितलं, आणि उत्तर आणून दिलं.

“साहेब म्हणतात, आखर द्यायचं नसेल तर देऊ नका. मंडीमागची जागा तयारच आहे. नव्या कापसाच्या आत इमारत उभी राहायला हवी. तुमच्या सणासाठी थांबतो, पण सणाच्या दुसऱ्या दिवशी पाया खणायचा. इथं, नाहीतर तिथं.”

झालं. चिंचपुऱ्याला तारघरही हवं होतं आणि आखरही हवं होतं. आखराला लागून दुसरी मोकळी जागा म्हणावी तर एकच होती. तिच्यावर जोतं होतं.

त्या संध्याकाळी ओसरीवर बसल्या बसल्या जानरावाची नजर तिकडे वळली आणि पटकन परत आली. जमुना तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली,

“तिकडं पाहाचं नाही.”

“मी कुठी पाहून राहिलो?”

“नजर फिरली तुमची.”

“चिमणी पाहिली वं.”

“चिमणीबी पाहाची नाही तिकडली.”

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदे शेकले, तूप-हळदीत पळसाची पानं बुडवून बैलांच्या खांद्यांना लावली. पोळ्याच्या दिवशी पहाटेच पुरा उठला. नदीवर बैल धुतले, अंगावर गेरूचे ठिपके, शिंगांना हिंगूळ, कपाळाला बाशिंग, गळ्यात घागरमाळा. जमुनेचं पुरण शिजत होतं आणि तिचा जीव कानात येऊन बसला होता. आखरातल्या रेघांवरच बैल उभे करायचे, असं पुऱ्यानं ठरवलं होतं. यंदाचा पोळा शेवटचा की काय, या विचारानं म्हातारेकोतारेसुद्धा चांदीचं कडं घालून निघाले होते.

हौशा-गुलब्याला दारातून काढताना जमुनेनं झूल सारखी केली. जानरावाच्या कपाळावर घाम होता.

“रामराव सोडणार नाही तुमाले आज,” ती म्हणाली.

“माहीत हाये.”

“उत्तर तयार ठेवा.”

“ठेवून काय होते? तिथं उभं राहिलं की सारं उडून जाते.”

ते गेले. जमुना ताट घेऊन दारात उभी राहिली. शेजारच्या दारात गोदाबाई, तिच्या पलीकडे आणखी दारं, आणि दारादारात ताटं. तेवढ्यात भिंतीपलीकडे दगडावर लाकूड घासल्याचा आवाज आला.

“काय झालं वं?” जमुनेनं विचारलं.

गोदाबाईनं कोपऱ्यापर्यंत जाऊन पाहिलं आणि परत आली. “साहेब आला पोळा पाहाले. त्याच्यासाठी खुर्ची मांडली तुह्या जोत्यावर.”

“कोठी?”

“जिथं तुही खिडकी येणार हाये ना, बरोबर तिथंच.”

“मेला माह्या खिडकीत बसला,” जमुना म्हणाली.

ढोल सुरू झाले. भांडी थरथरली. आधी इकडच्या तिकडच्या झडत्या झाल्या, सून-सासूच्या, आळशी गड्याच्या, पाटलाच्या लंगड्या घोडीच्या. प्रत्येक झडतीमागून महादेवाचा गजर. मग गलका खाली बसला. रामराव पुढं झाला हे जमुनेला न पाहता कळलं. त्याचा आवाज घागरीत बोलल्यासारखा घुमत असे.

“जानराव गेला अकोल्याले, पाहून आला तार,
घरी येता येता विकून आला आखराचं दार!”

“हर बोला, हर हर महादेव!”

“आखरावर आखल्या साहेबानं रेघा,
बैल कोठी नेऊ आता, तूच सांग गा!
तार घाल गळ्यात, तोरण टाक चुलीत,
पुढच्या पोळ्याले बैल नाचव आपल्या खोलीत!”

असा गजर झाला की चिंचेवरचे बगळे उडाले. गोदाबाई हसली आणि जमुनेचं तोंड पाहून तिनं पदर तोंडाला लावला.

ढोल थांबला. आता जानरावाची पाळी. भिंतीपलीकडून काहीच येईना. कोणीतरी शिट्टी मारली. कोणी ओरडलं, “घे रे, मागं घे जोडी!” जमुना पुटपुटली, “बोला. काहीतरी बोला. काहीबी बोला!”

आणि जानराव बोलला. सुरुवातीला आवाज चिरकला, मग चढत गेला.

“आखर नाही सोडत, तार नाही सोडत,
रामरावच्या बोलण्यानं मी नाही मोडत!
बैल नाचतीन आखरात, तार वाजन ओट्यावर,
घेऊन या तारघर, बांधा माह्या जोत्यावर!”

कोणाच्या बैलाची एक घागर तेवढी वाजली. मग जो गजर उठला तसा त्या पुऱ्यात कधी उठला नव्हता. हर हर महादेव, हर हर महादेव, थांबेचना. टोप्या उडाल्या, गुलाल उडाला, भिंतीवरून लाल धूळ वर आली.

“जमुने,” गोदाबाई म्हणाली, “तुही माडी गेली वं.”

जमुनेनं ताट घट्ट धरलं. पलीकडे साहेब विचारत होता की लोक एवढे का ओरडले, आणि भगवंतराव गोंगाटावरून ओरडून त्याला सांगत होते. तोरण तुटलं, पोळा फुटला, आणि मानाची जोडी म्हणून सगळ्यांच्या पुढं हौशा-गुलब्या दणाणत गल्लीत शिरले. दारात येऊन थांबले. नाकपुड्या फुललेल्या, अंगाला वाफ. जमुनेनं त्यांचे पाय धुतले, कुंकू लावलं, ओवाळलं, पोळी भरवली. बैलांचा काय दोष?

मागून जानराव आला. गुलालानं माखलेला, आणि चेहरा दही सांडलेल्या मांजरासारखा.

“जमुने...”

“ऐकलं.”

“यमक जुळून आलं वं.”

“ओट्यावरले दुसरं यमक नव्हतं? गोठ्यावर म्हणाचं होतं.”

जानरावानं डोळे मिटून मनात जुळवून पाहिलं. “अरे हो!” म्हणाला. मग म्हणाला, “पण गोठा गेला असता तं बैल कोठी बांधले असते?”

“ते जोतं कोणाच्या जागेवर हाये?”

“तुह्या.”

“मंग शब्द कोणी देल्ला?”

जानराव ओसरीच्या पायरीवर बसला. पुरणपोळी त्यानं एकच खाल्ली, आणि त्या माणसाची पुरणपोळी एक म्हणजे उपासच.

जमुना गोठ्यात गेली. गोणपाट उघडलं. राघूंकडे पाहत बसली. नाही म्हटलं तर नवरा तोरणाखाली खोटा पडणार, आणि उद्या कुदळ एकतर आखरात पडणार, नाहीतर मंडीमागं. हो म्हटलं तर पुन्हा जन्मभर धूळ. तिनं बोळा तेलात बुडवला आणि तो तसाच हातात राहिला. पलीकडे रिकाम्या जोत्यावर साहेबाची खुर्ची अजून पडली होती. कमरेइतक्या जोत्यावर बसून त्याला सगळं दिसलं होतं. खिडकी नव्हती, राघू नव्हते, तरी दिसलं होतं. मग हवं ते काय? हवी ती उंची.

जमुना उठून उभी राहिली. गुलब्या दचकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब जोत्यावर येऊन उभा राहिला. खूश होता. सारा पुरा जमला होता. भगवंतराव म्हणाले, “जानराव, पुढं या. साहेबांना तुमच्या तोंडून एकदा हो ऐकायचं आहे.”

जानराव पुढं आला, आणि त्याच्या मागून डोक्यावरचा पदर सारखा करत जमुना आली. गर्दीत कुजबुज झाली.

“ही जागा माह्या बापानं मले देल्ली,” ती म्हणाली आणि जानरावाकडे हात केला. “यायनं शब्द देल्ला तो यायचा. माहा कोणी घेतला नाही.”

“बाई, हे आता...” भगवंतरावांनी इकडं तिकडं पाहिलं.

“बरोबर बोलून राहिली,” गर्दीतून घुमणारा आवाज आला. रामराव होता. जानरावाला अडकलेलं पाहून त्याच्या मिशा फुलल्या होत्या, पण बोलला ते न्यायाचं बोलला. “तोरणाखाली वहिनी नव्हती. तिचा शब्द बांधला गेला नाही. जागा तिची, तं हो म्हणणं तिचं.”

जानराव बायकोच्या तोंडाकडे पाहत राहिला. जमुनेनं त्याला थोडा वेळ तसंच ठेवलं. मग म्हणाली,

“जागा देईन. पण माह्या दोन गोष्टी.”

“कोणत्या?” भगवंतराव.

“माह्याजवळ एक खिडकी हाये, सागवानी. ती आखराकडं बसवाची. मुंबईचा भाव आला की त्या खिडकीतून मोठ्यानं सांगाचा. कुणब्याले अन् दलालाले एकाच वक्ती.”

पुरुषांत हुंकार उठला. हे कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

“आणि दुसरी?”

“वर गच्ची बांधाची. सपाट. जिना बाहेरून. अन् पोळ्याच्या दिवशी गच्ची बायांची.”

भगवंतरावांचं पागोटं हललं. “सरकारी इमारतीवर बायका चढणार? हे मी साहेबांना सांगू तरी कसं?”

“जसं ऐकलं तसं सांगा,” जमुना म्हणाली.

“मराठीत ऐकलं, इंग्रजीत सांगा!” मागून गोदाबाई ओरडली. “पगार कायचा घेता?”

भगवंतरावांनी सांगितलं. साहेबानं ऐकलं, खुर्चीकडे पाहिलं, आखराकडे पाहिलं, मग जमुनेकडे. त्यानं एकच प्रश्न विचारला.

“साहेब विचारतात, बायका किती?”

जमुनेनं मागं वळून दारांकडे पाहिलं. दारादारात पदर दिसत होते, आणि कोणीही आत गेलं नव्हतं.

“साऱ्या,” ती म्हणाली.

साहेब मोठ्यानं हसला आणि काहीतरी बोलला. भगवंतराव कपाळ पुसत म्हणाले, “ते म्हणतात, मग गच्ची जाड बांधावी लागेल.”

तारघर झालं. दसऱ्यानंतर तारा आल्या, खांब आले, दूरचा कुठला तरी तारबाबू आला, त्याला झुणका तिखट लागायचा. राघूंच्या खिडकीतून तो रोज भाव पुकारायचा आणि खाली दलाल आणि कुणबी खांद्याला खांदा लावून ऐकायचे. हंगामभर आखरात नुसती जत्रा होती. मग एका दिवशी त्याच खिडकीतून सातासमुद्रापारची लढाई संपल्याची खबर आली, आणि भाव असा घसरला की शिंगांच्या शेंब्या कोणी कोणी उतरवल्या. माडीची गोष्ट पुन्हा निघाली नाही. पण चिंचपुऱ्याच्या कापसाच्या गाड्या आधीच मंडीत गेल्या होत्या. भाव मोडायला लागला हे कुणब्यांनी खिडकीखाली उभं राहून रोज ऐकलं होतं.

आणि पोळा आला.

बाया दुपारपासूनच जिना चढत होत्या. नऊवारीचा काचा मारलेल्या, कडेवर लेकरं, कोणाच्या हातात पानाचा डबा. म्हाताऱ्या सासवांना सुनांनी हात धरून वर ओढलं. गोदाबाईनं झेंडूनं भरलेली टोपली डोक्यावरून आणली. खाली तारबाबू छताकडे पाहत देवाचं नाव घेत होता, पण गच्ची खरंच जाड होती.

जमुना कठड्याशी गेली आणि खाली पाहिलं.

बैल! इतके बैल! पाठीला पाठ लावून, काळे, कबरे, पांढरे, लाल. शिंगांचं जसं रानच उगवलेलं. झुलींवरचे आरसे उन्हात एकाच वेळी पेटत होते आणि विझत होते. हौशा-गुलब्या तिला लांबूनच ओळखू आले. तिच्या कवड्या लुकलुकत होत्या. तिनं स्वतः शिवल्या होत्या आणि तिला ठाऊक नव्हतं की त्या अशा दिसतात.

“मायबाई,” ती म्हणाली. “एवढं सारं एकटेच पाहत होते हे!”

“हरामखोर,” गोदाबाई म्हणाली आणि मूठभर झेंडू खाली फेकला.

झेंडू रामरावाच्या टोपीवर पडला. त्यानं वर पाहिलं. गच्ची पदरांनी गच्च भरलेली. त्याला राहवलं नाही.

“तारघराच्या गच्चीवर बसल्या साऱ्या बाया,
चुलीवरच्या पुरणाची करन कोण गा माया?”

“हर बोला, हर हर महादेव!”

बाप्ये खदाखदा हसले. मग हसणं आपोआप ओसरलं, कारण झडती गच्चीला घातली होती आणि उत्तर आलं पाहिजे असा रिवाज होता. आखरभर माना वर वळल्या. ढोलवाल्यानं टिपरू हवेतच धरलं. बाईनं झडती म्हणावी की न म्हणावी, हे कोणी कधी ठरवलंच नव्हतं. जानराव खालून बायकोकडे पाहत होता, आणि त्याचे ओठ हलत होते. काय म्हणत होता ते जमुनेला पक्कं ठाऊक होतं. बोल. काहीतरी बोल. काहीबी बोल.

जमुनेनं पदर कमरेला खोचला.

“पुरण झालं, पोळ्या झाल्या, झाकून ठेवलं ताट,
वर्सानुवर्सं पाहिली आमी धुळीचीच वाट!
ज्याले लागन भूक त्यानं हातानं घ्या वाढून,
रामरावभाऊ, बैल न्या आधी तोरणाखालून काढून!”

आधी गजर गच्चीवरून उठला, बारीक, उंच, कधी न ऐकलेला. मग खालून त्याला आखर येऊन मिळालं. रामरावानं टोपीवरचा झेंडू काढला, कपाळाला लावला आणि जोडी दोन पावलं मागे घेतली. जानराव वेड्यासारखा नाचत होता. तोरण तुटलं, पोळा फुटला, आणि सारं आखर हलायला लागलं. शिंगं, झुली, आरसे, धूळ. धूळ यंदा खाली होती आणि बाया वर.

जोड्या गल्ल्यांत शिरताना दिसत होत्या, घरोघर वळताना दिसत होत्या, दारादारात थांबताना दिसत होत्या. दारं मात्र रिकामी. ताटं आत झाकलेली. चिंचपुऱ्याच्या साऱ्या बाया गच्चीवर होत्या आणि त्यांतल्या एकीच्याही हे ध्यानात आलं नव्हतं.

जानराव धावत परत आला. दम लागलेला, दोन्ही हात तोंडाभोवती.

“जमुने! अवं, बैल दारात उभे हायेत!”

जमुनेनं एकदा घराकडे पाहिलं. हौशा-गुलब्या खरंच उभे होते, आणि गोदाबाईच्या कुंपणावरून मान घालून शेवंती खात होते.

“राहू द्या उभे थोडा वेळ,” ती वरून म्हणाली. “आमी लय वर्सं उभ्या होतो.”

आणि ती पुन्हा आखराकडे वळली, कारण रामरावाचा तांबडा बैल तुटक्या तोरणाशी अडून बसला होता, आणि ते तिला पाहायचं होतं.